गच्चीवरची सामाईक वीज आणि घरातलं मीटर

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसलं की घराघरातला विजेचा वापर आपोआप कमी होतो, असं सर्रास गृहीत धरलं जातं. तसं होत नाही. पॅनल वीज तयार करतात. पंखा किती वेळ चालवायचा आणि एसी किती अंशांवर ठेवायचा, हे घरातली माणसं ठरवतात. वापर बदलतो तो हिशोबामुळे. तयार झालेली वीज कुणाच्या वाट्याला किती येते, न वापरलेल्या युनिटचं काय होतं आणि महिनाअखेरीला घरात कोणता आकडा पोचतो, यावर सगळं अवलंबून असतं.

नागपुरात मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगर अशा भागांत गच्च्यांवर पॅनल दिसू लागली आहेत. आमसभेत मात्र चर्चा होते ती किलोवॅटची, अनुदानाची आणि कंत्राटदाराच्या कोटेशनची. वाटणीचा नियम शेवटी कुणीतरी घाईत सुचवतो आणि हात वर होतात. पुढची पंचवीस वर्षं लोक वीज कशी वापरतील हे ठरवणारा ठराव तोच असतो, म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दल लिहितो आहोत.

तीन मांडण्या, तीन सवयी

पहिली मांडणी म्हणजे सामाईक मीटरवर सोलर. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांच्या मीटरला नेट मीटर लागतं, म्हणजे जाळ्यातून घेतलेली आणि जाळ्यात सोडलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर. ही सर्वांत सोपी आणि बहुतेक वेळा सर्वांत फायद्याची. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. सामाईक मीटरचा वापर महिन्याला हजार-दोन हजार युनिट असतो, म्हणजे त्यातला बराचसा भाग सगळ्यांत महागड्या टप्प्यात जातो आणि सोलरचं प्रत्येक युनिट आधी तो महाग भाग कापतं. शिवाय पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ५०० किलोवॅटच्या मर्यादेत. पण या मांडणीचा घरातल्या वापरावर परिणाम शून्य. सभासदाला देखभाल शुल्कात थोडा दिलासा मिळतो, तोही वाढ न होण्याच्या रूपात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. त्याचं स्वतःचं मीटर होतं तसंच फिरत राहतं.

दुसरी मांडणी म्हणजे गच्ची सामाईक, पण पॅनल, इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आणि नेट मीटर प्रत्येकाचं वेगळं. खरेदी एकत्र होते, त्यामुळे भाव चांगला मिळतो. अनुदान घरगुती दराने मिळतं: पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये. अनुदानासाठी देशी बनावटीच्या सेलची पॅनल लागतात, ही अट कोटेशनमध्ये लेखी घ्या. अडचण जागेची येते. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि वाळवणाच्या दोऱ्या वजा केल्या, तर चार मजल्यांच्या इमारतीत सगळ्यांना तीन-तीन किलोवॅट बसतच नाहीत. दक्षिणेकडची मोकळी बाजू कुणाची आणि टाकीच्या सावलीतली कुणाची, यावरून वाद होतात. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या तरी सावलीतल्या सभासदाचं उत्पादन दर महिन्याला कमीच येणार. हा वाद आधीच ओळखून एकच सामाईक प्लांट आणि हिश्श्याने वाटणी हा मार्ग बरा.

तो मार्ग म्हणजे तिसरी मांडणी, व्हर्च्युअल नेट मीटरिंग. प्लांट एक, त्याचं मीटर एक आणि तयार झालेली युनिट ठरलेल्या टक्केवारीने सभासदांच्या बिलात वजा होतात. दिल्लीत याची चौकट २०१९ पासून आहे. आपल्याकडे अर्ज करण्याआधी आपल्या प्रकारच्या जोडणीला ही सोय कोणत्या अटींवर लागू होते, ते महावितरणच्या उपविभाग कार्यालयातून लेखी घ्यावं. अर्जासोबत टक्केवारीचा तक्ता द्यावा लागतो आणि तो वरचेवर बदलता येत नाही, म्हणून ठराव नीट विचार करून लिहावा.

वाटणी हिश्श्याने करा, वापराप्रमाणे नको

आमसभेत हमखास एक सूचना येते: ज्याचा वापर जास्त त्याला जास्त युनिट द्या, म्हणजे सगळ्यांचं बिल सारख्या प्रमाणात कमी होईल. ऐकायला न्याय्य वाटते, पण घात करते. कारण या नियमात जो वापर वाढवतो त्याचा वाटा वाढतो आणि जो काटकसर करतो त्याचा वाटा दुसरा घेऊन जातो. वर्षभरात सगळ्यांना हे कळतं आणि काटकसर करणारा ती सोडून देतो.

हिश्श्याने वाटणी म्हणजे पैसे जितके घातले तितकी युनिट. समजा वीस घरांनी मिळून ४० किलोवॅटचा प्लांट बसवला. एका किलोवॅटमागे महिन्याला सरासरी १२० युनिट धरले तर प्लांट ४,८०० युनिट देईल आणि प्रत्येकाच्या वाट्याला २४० येतील. ज्याचा वापर ३२० आहे त्याला ८० युनिटचं बिल येईल, ज्याचा ६०० आहे त्याला ३६० चं. दोघांनाही एक ठाम आकडा मिळतो: आपली स्वतःची वीज २४०, त्यापुढची विकतची. पगार ठरलेला असला की घरखर्च त्यात बसवायची सवय लागते, तशी ही सवय लागते. मतदान मात्र एका सभासदाला एकच मत, हिस्सा कितीही असो. सहकारात हे तसंही आहेच, पण ठरावात पुन्हा लिहिलेलं चांगलं.

इथे एक अडचण आहे आणि ती कंत्राटदार कधीच सांगत नाही. सोलर लागण्याआधी ४२० युनिट वापरणाऱ्या घरात वाचवलेलं एक युनिट ३०१ ते ५०० च्या दराने वाचायचं. २४० वजा झाल्यावर बिल १८० युनिटचं येतं. आता वाचवलेलं युनिट १०१ ते ३०० च्या दराने वाचतं आणि निव्वळ वापर १०० च्या खाली गेला की सगळ्यांत स्वस्त दराने, जो त्याच्या वरच्या टप्प्याच्या साधारण निम्मा आहे. म्हणजे सोलर लागल्यावर बचतीचं बक्षीस घटतं. एसी तासभर जास्त चालवला तर खिशाला आधीइतका चटका बसत नाही. ‘आता काय, वीज फुकटच आहे’ हे वाक्य सुरू होतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात दुसऱ्या खोलीत एसी लागतो. ऊर्जा क्षेत्रात याला रिबाउंड म्हणतात. समितीने आपल्या कोणत्याही सूचनेत ‘फुकट’ हा शब्द वापरू नये, असं आम्ही आग्रहाने सांगू. ती वीज सभासदाने आगाऊ पैसे भरून घेतलेली आहे.

ढुंढीचे शेतकरी आणि बेल्जियमचे सभासद

न वापरलेल्या युनिटला किंमत मिळाली की काय होतं, याचं उत्तम उदाहरण गुजरातेत आहे. खेडा जिल्ह्यातल्या ढुंढी गावात सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्था काढली आणि २०१६ पासून पंप वीजजाळ्याला जोडून उरलेली वीज विकायला सुरुवात केली. वीज कंपनीने युनिटला ४ रुपये ६३ पैसे दर दिला आणि त्यावर या प्रयोगामागच्या संशोधन संस्थेने काही बोनस जोडला. नुसता सौर पंप दिला तर सूर्य फुकट असल्यामुळे पाणी उपसायला काही बंधन उरत नाही. इथे प्रत्येक तास पंप चालवणं म्हणजे तेवढ्या तासाची वीजविक्री गमावणं झालं, आणि सिंचन किती करायचं याचा विचार शेतकरी त्या तराजूत करू लागला. पॅनल तेच, पंप तोच, फक्त न वापरलेल्या युनिटला भाव आला.

दुसरं उदाहरण बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या इकोपॉवर या संस्थेचं. १९९१ पासूनची सहकारी संस्था, हिस्सा २५० युरोचा, सभासदाला एक मत. अनेक वर्षं तिने सभासदांना वीज एकाच सरळ दराने दिली, त्यावर मासिक स्थिर आकार न लावता. त्यामुळे अर्धी वीज वापरली तर बिलही अर्धं. सभासदांना आपली मीटरची नोंद भरून वापराचा आलेख पाहता येईल अशी सोयही तिथे आहे. खाजगी कंपनीचं उत्पन्न जास्त वीज विकण्यावर चालतं. इथे ग्राहकच मालक असल्यामुळे संस्थेला सभासदाला ‘कमी वापरा’ सांगताना अडचण वाटत नाही.

अशा संस्थांच्या सभासदांचा वापर कमी असतो हे युरोपातल्या अभ्यासांत दिसतं, पण त्या आकड्यांकडे पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. मुळात काटकसरी आणि या विषयाची आवड असलेले लोकच आधी सभासद होतात. आणि सभासदाने घरावर स्वतःची पॅनल लावली की जाळ्यातून घेतलेली वीज कमी दिसते, घरातला वापर मात्र तेवढाच असू शकतो. आपल्या सोसायटीचा निकाल मोजताना हीच चूक होते: निव्वळ बिल पाहून ‘वापर निम्म्यावर आला’ म्हणतात. खरा वापर काढायचा तर बिलावरची आयात युनिट, अधिक प्लांटने तयार केलेली युनिट, वजा निर्यात युनिट असा हिशोब करावा लागतो. तिसऱ्या मांडणीत सोपं आहे, तिथे घरचं मीटर खरा वापरच दाखवतं. दुसऱ्या मांडणीत इन्व्हर्टरच्या अॅपवरचं उत्पादन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, शक्यतो मीटर रीडिंगच्या दिवशी, टिपून ठेवावं लागतं.

३१ मार्चचा फटका

नागपूरकरांनी हा भाग दोनदा वाचावा. महाराष्ट्रात नेट मीटरिंगची शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे सरकतात, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी हिशोब बंद होतो. ३१ मार्चला उरलेली युनिट महावितरण विकत घेतं, वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने, आणि १ एप्रिलला खातं शून्यावर येतं. तो दर आपण वाचवू शकलो असतो त्या १०१-३०० च्या दरापेक्षा बराच कमी असतो.

आता नागपूरचं वर्ष पाहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र, पॅनल थंड, उत्पादन छान आणि घरात ना कूलर ना एसी. दोन किलोवॅटच्या हिश्श्याला महिन्याला २४० च्या आसपास युनिट मिळतात आणि वापर दीडशे-पावणेदोनशे. चार महिन्यांत अडीचशे ते साडेतीनशे युनिट सहज साठतात. मग मार्च संपतो, शिल्लक जाते, आणि पंधरा दिवसांत कूलर बाहेर निघतात. एप्रिल-मेमध्ये उन्हाने पारा ४५ च्या पुढे जातो, घराचा वापर अडीचपट होतो. त्याच वेळी पॅनलही तापतात. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, मे महिन्याच्या दुपारी सेलचं तापमान ६५-७० पर्यंत जातं आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्का उत्पादन घटतं, म्हणजे भर दुपारी १५ टक्के कमी. सभासद विचारतो, ‘पॅनल असून बिल कसं आलं?’ उत्तर या तारखेत आहे.

यावर उपाय दोन. पहिला, प्लांटचा आकार मे महिन्याच्या वापरावरून ठरवू नये. बारा महिन्यांच्या बिलांतली युनिट बेरीज करावी, तिला १,४०० ने भागावं. जेवढे किलोवॅट येतील त्याहून थोडा कमीच हिस्सा घ्यावा. वर्षाला ३,००० युनिट वापरणाऱ्या घराला दोन किलोवॅट पुरे. तीन घेतले तर तिसऱ्या किलोवॅटची बरीच वीज मार्चअखेर स्वस्तात जाईल.

दुसरा उपाय घरातला. शिल्लक दिसू लागली की डिसेंबर ते मार्च स्वयंपाकातला काही भाग इंडक्शनवर न्यावा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये भांड्यापर्यंत जेवढी उष्णता पोचते, तेवढी इंडक्शनवर साधारण १२० युनिटमध्ये मिळते. वरण, भात, दूध, चहा एवढं जरी नेलं तरी हिवाळ्यात एखादा सिलिंडर वाचतो. मीटर जास्त फिरतं, घराची एकूण ऊर्जा मात्र कमी लागते, कारण गॅसची जवळपास निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते. आमच्या मते सहकारी सोलरने घरच्या वापरात घडवलेला हा सगळ्यांत चांगला बदल असू शकतो आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. फक्त आधी स्वयंपाकघराच्या ओट्यावरचं सॉकेट १६ अँपिअरचं आणि वायर ४ चौरस मिलिमीटरची आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत मिक्सरसाठी टाकलेल्या दीड मिलिमीटरच्या वायरवर दोन हजार वॅटचं इंडक्शन लावलं की सॉकेट पिवळं पडून वितळायला लागतं.

मासिक तक्ता

हिश्श्याच्या खालोखाल परिणाम करणारी गोष्ट म्हणजे महिन्याचा तक्ता. तो बनवताना जपायचं काय, ते सांगतो.

तुलना मागच्या महिन्याशी करू नये. नागपुरात फेब्रुवारी आणि एप्रिल यांची तुलना निरर्थक आहे. मेची तुलना मागच्या मेशी करायची. पहिल्या वर्षासाठी मागची बारा बिलं सभासदाकडून मागून घ्यावी. ग्राहक क्रमांक टाकून ती ऑनलाइनही निघतात.

सोसायटीची सरासरी देण्यात धोका आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात घरांच्या दारावर शेजाऱ्यांचा सरासरी वापर लिहिलेली चिठ्ठी लावून पाहिली होती. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. आपण उगाच कष्ट काढतोय असं त्यांना वाटलं असावं. ज्या घरांच्या चिठ्ठीवर आकड्यासोबत हसरा चेहरा काढला होता, तिथे मात्र ही वाढ जवळजवळ थांबली. म्हणून कमी वापरणाऱ्या घराला नुसता आकडा न देता दोन चांगले शब्द लिहावेत: ‘तुमचा वापर इमारतीत सर्वांत कमी असलेल्या पाच घरांत आहे, तसाच ठेवा.’ एवढं पुरतं.

आणि तक्ता व्हॉट्सअॅप ग्रुपवर फ्लॅट क्रमांकासह टाकू नये. यात लाजेचा भाग आहेच, पण सुरक्षेचा त्याहून मोठा आहे. मे महिन्यात निम्मी इमारत गावी गेलेली असते. ज्या फ्लॅटचा वापर १५ युनिट दिसतो ते घर बंद आहे, हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला आणि तो फोटो पुढे जिथे जिथे जाईल तिथल्या प्रत्येकाला कळतं. प्रत्येक घराला त्याचा आकडा वेगळा पाठवावा; सूचना फलकावर प्लांटचं एकूण उत्पादन आणि वापराच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या घराचा वापर एवढंच लावावं.

ढुंढीचा धडा सोसायटीत वापरायचा तर सामाईक मीटरच्या बचतीतून काही रक्कम ‘बचत परतावा’ म्हणून बाजूला काढता येते. एकदा ठरवलेल्या आधारवर्षातल्या त्याच महिन्यापेक्षा जेवढी युनिट कमी, त्या प्रत्येक युनिटला दोन-तीन रुपये देखभाल शुल्कातून वजा. यात पळवाटा असतात, त्या आधीच बुजवायच्या: महिन्याला ३० युनिटपेक्षा कमी वापर असलेलं घर बंद धरून वगळायचं, एका घराला महिन्याला ६० युनिटपेक्षा जास्त परतावा द्यायचा नाही, आणि आधारवर्ष दर वर्षी बदलायचं नाही. नाहीतर एक वर्ष वाढवून दुसऱ्या वर्षी कमी करण्याचा खेळ सुरू होतो.

एकत्र करण्यासारखी कामं

मार्चमध्ये कूलर. नागपुरातल्या घराचं उन्हाळी बिल कूलर टिकला की एसीकडे सरकलं, यावर ठरतं. अठरा इंची पंख्याचा लोखंडी कूलर आणि त्याचा पंप मिळून ताशी ०.२ युनिटच्या आसपास घेतात. बाराएक तास चालला तर अडीच युनिट. दीड टनाचा एसी ४५ अंशांच्या दुपारी ताशी १.२ ते १.५ युनिट घेतो, आठ तासांत दहा-बारा युनिट. कूलर गार हवा देईना की माणूस एसी लावतो, आणि कूलर गार हवा देईना याचं कारण बहुतेक वेळा ताट्या. बोअरच्या पाण्याने ताट्यांवर क्षाराचा पांढरा थर बसतो, हवा त्यातून जात नाही, पंखा तितकेच वॅट घेऊन कोमट झुळूक फेकतो. वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्या दर हंगामात नव्या लावाव्या. वरच्या पन्हळीची भोकं तारेने मोकळी करावी, ताटी सगळीकडून सारखी भिजते का ते पाहावं, टाकीतलं पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण काढून नवं भरावं. समोरच्या बाजूची खिडकी हातभर उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते आणि दोष कूलरला जातो. वीस घरांच्या ताट्या एकदम आणल्या आणि एकाच मिस्त्रीला दोन दिवस बोलावलं तर स्वस्तातही पडतं. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. तेव्हा एसी जरूर लावावा, २६ वर, छताचा पंखा सोबत ठेवून. एक अंश वाढवला की एसीचा वापर साधारण ६ टक्के घटतो असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं.

पंख्यांची खरेदी. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) २८ ते ३० वॅटचा. दिवसाला १५ तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. चार पंख्यांचं घर असेल तर दोन जास्त चालणारे आधी बदलावेत. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून काही मिळत नाही.

सोसायटीचं एक वॉटमीटर, सॉकेटमध्ये खोचायचं. हजार-पंधराशे रुपयांत येतं आणि घरोघरी आठवडाभर फिरवता येतं. फ्रिजला पूर्ण २४ तास लावून पाहावं. नवा फ्रिज दिवसाला एक युनिटच्या आत राहतो. दारांचं रबर सैल झालेला जुना दोन-तीन घेतो. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही १०-१५ वॅट ओढत राहतो. घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली असेल तर वीज न जाताही तिला भरत ठेवण्यात महिन्याला १०-२० युनिट जातात, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

पाण्याचा पंप दुपारी चालवावा. पाच अश्वशक्तीचा पंप चालताना साडेचार किलोवॅटच्या आसपास घेतो. नेट मीटरमध्ये वेळ बदलल्याने एकूण युनिट बदलत नाहीत, हे खरं. पण दुपारी इमारतीत भार नसला आणि आसपासच्या सगळ्या गच्च्या वीज बाहेर ढकलत असल्या की व्होल्टेज चढतं आणि सेटिंगप्रमाणे २५० च्या पुढे कुठेतरी इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. दिवसात चार-पाच वेळा असं झालं तरी अॅपवर फक्त उत्पादनाच्या आलेखात खाचा दिसतात. ११ ते २ च्या दरम्यान पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री चालली तर व्होल्टेज आवाक्यात राहतं. तरीही खाचा दिसल्या तर इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक किंवा फार लांब आहे का ते तपासावं, मगच महावितरणकडे ट्रान्सफॉर्मरच्या टॅपबद्दल, म्हणजे तिथून येणारं व्होल्टेज थोडं खाली आणण्याबद्दल, अर्ज करावा.

वीज गेली की साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीजजाळ्याला जोडलेलं, तेही बंद होतं, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ते तसंच असावं लागतं. हे सभासदांना पैसे घेण्याआधी सांगावं.

कुठे फसतं

उत्पादन घटलेलं कुणाच्या लक्षात न येणं, ही पहिली जागा. इन्व्हर्टरची डाँगल (आकडे अॅपवर पाठवणारं छोटं उपकरण) कुणाच्या तरी घरच्या वायफायला जोडलेली असते. त्याने राउटर किंवा पासवर्ड बदलला की नोंद थांबते आणि तीन महिन्यांनी बिल वाढल्यावर एक स्ट्रिंग (एकत्र जोडलेल्या पॅनलची ओळ) बंद असल्याचं कळतं. डाँगलला सोसायटीच्या नावाचं वेगळं सिम घ्यावं. आठवड्यातून एकदा सुरक्षारक्षकाने इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा एकूण युनिटचा आकडा वहीत लिहिला तरी चालतं. अॅपपेक्षा ती वही जास्त टिकते.

दुसरी जागा धूळ. फेब्रुवारी ते मे दर दहा-पंधरा दिवसांनी पॅनल धुवावी लागतात, तीही सकाळी ऊन चढण्याआधी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी सुकून डाग राहतात, म्हणून नळाचं पाणी आणि मऊ वायपर.

तिसरी जागा निधी. पॅनल पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर साधारण दहा-बारा. तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे बाजूला टाकले तर ४० किलोवॅटच्या प्लांटमधून वर्षाला २८,८०० रुपये जमतात आणि इन्व्हर्टर बदलायच्या वेळी वर्गणी मागावी लागत नाही. हा निधी सोसायटीच्या इतर निधीत मिसळू नये, वेगळं खातं ठेवावं. रंगकामासाठी तो वापरला गेला की परत येत नाही.

चौथी आणि सगळ्यांत अवघड जागा भाडेकरू. हिस्सा घरमालकाचा, मालक पुण्यात किंवा परदेशात, बिल भरतो भाडेकरू. युनिट भाडेकरूच्या बिलात वजा होतात. मालकाला वाटतं पैसे मी घातले, भाडेकरूला वाटतं वीज स्वस्त आहे, आणि बचत करायचं कारण दोघांपैकी कुणालाच उरत नाही. यासाठी लिव्ह अँड लायसन्स करारात एक कलम घालून घ्यावं: हिश्श्याची युनिट ठरलेल्या दराने भाडेकरूने मालकाला द्यायची, दर १०१-३०० च्या टप्प्यापेक्षा थोडा कमी ठेवायचा, आणि मार्चअखेरची शिल्लक रक्कम ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्या खात्यात येते म्हणून तिचाही उल्लेख करायचा. मासिक तक्ता मालकाला न पाठवता घरात राहणाऱ्याला पाठवायचा. कलमाचा मसुदा समितीने एकदाच तयार करून ठेवावा आणि भाडेकरू बदलला की ना हरकत पत्रासोबत द्यावा.